दुसरं दार

बोरी बुद्रुकला आमच्या रानाच्या खालच्या अंगाला कुकडीची दरड आहे. पाऊस सरून नदी खाली बसली की त्या दरडीत एक पांढुरका पट्टा उघडा पडतो. नखाने उकरला तर पिठासारखा सुटतो, चिमटीत चोळला तर बारीक करकरतो. ती राख आहे, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास सुरू केला. तिच्या सोबतीला इथे आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. ही राख टोबाच्या कोणत्या उद्रेकातली, यावर अभ्यासकांचं भांडण आहे. कुणी पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची म्हणतं, कुणी त्याहून कितीतरी जुनी.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, मोटारीचा फुटव्हॉल्व्ह साफ करायला नदीवर निघाले होते. मीही मागोमाग गेले. काम झाल्यावर हात धुताना त्यांनी त्या पट्ट्याकडे बोट केलं.

"एवढ्या लांबनं राख उडून इथवर आली. कोण बोलवायला गेलं होतं तिला? मोठ्या घरचं काही फुटलं का लहानाच्या अंगणात पडतंच."

मी पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवते. सुट्टीनंतर वसईच्या तहावर तास घ्यायचा होता आणि तयारी करताना माझ्या डोक्यात सारखा कंबोडिया येत होता. अण्णांचं वाक्य नेमकं तिथेच येऊन टेकलं. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही म्हणताय ती राख न बोलावता आली. पण मोठा शेजारी लहानाच्या घरात येतो ना, तो बहुतेक वेळा बोलावल्यावरच येतो."

"चल, बराखीवर जाऊन बोलू," अण्णा म्हणाले. "कांदा निवडायचा राहिलाय."

उन्हाळ कांद्याचा शेवटचा थर बराखीत उरला होता. वास उग्र झालेला, मधूनमधून सडका कांदा हाताला लागायचा, कोंब फुटलेला वेगळा काढायचा. मोठा गोळा एका बाजूला, बारीक गोल्टी दुसऱ्या, खराब बदला तिसऱ्या. आम्ही दोघं पोत्यावर समोरासमोर बसलो आणि पुढचे तीन-चार तास हात कांद्यात आणि तोंड वादात राहिलं.

"आता सांग. कंबोडियाचं काय?"

मी सांगितलं. अंकोरवाटचा देश, पावणेदोन कोटींच्या आसपास वस्ती. रस्ते, पूल, धरणं यांत चीनचा पैसा मोठा. २०१२ च्या जुलैत आग्नेय आशियातल्या दहा देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक त्यांच्या राजधानीत, नॉम पेन्हला होती. दक्षिण चिनी समुद्रावरून फिलिपाइन्स आणि व्हिएतनाम चीनवर चिडलेले. ते संयुक्त पत्रकात यावं असा त्यांचा आग्रह होता. यजमान कंबोडियाने ते होऊ दिलं नाही. आसियान ही त्या देशांची संघटना स्थापन झाल्यापासून पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बैठक पत्रकाविना उठली. पुढे रीम नावाच्या त्यांच्या नौदल तळाचं काम चीनच्या पैशाने झालं आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे दोन्ही देशांचं मिळून एक केंद्र उघडलं. कंबोडियाच्या राज्यघटनेत परक्यांचा लष्करी तळ देशात असू नये असं लिहिलेलं आहे. सरकार म्हणतं, तळ आमचाच आहे, कोणत्याही देशाचं जहाज येऊ शकतं.

अण्णांनी एक कांदा दाबून पाहिला आणि बदल्यात टाकला. "मग यात चुकलं काय? ज्यानं पैसा दिला त्याची बाजू घेतली. अडीनडीला जो धावतो त्याच्याकडंच माणूस झुकणार. उपाशी पोटी कोण कुणाला बाणा दाखवतो?"

"बाजू घेण्यात काही चुकलं असं मी म्हणत नाही. उद्या दुसऱ्या कुणाची बाजू घ्यायची झाली तर घेता येईल का, एवढंच मला विचारायचंय."

"हे पुस्तकातलं झालं. मला बोलायचंय ते घरातलं. माझ्या बापानं पेरणीला पैसा घेतला तवा दुसरा कोण देणार होता? एकच माणूस होता गावात पैसा देणारा. तो म्हणंल त्या भावानं माल द्यावा लागायचा. पण त्याच पैशावर घर उभं राहिलं. तू शिकलीस ती त्याच्यावर. त्याला नावं ठेवायची का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आजोबांच्या त्या कर्जाबद्दल घरात कधी कुणी वाईट बोलल्याचं मला आठवत नाही, आणि चांगलंही. नुसतं बोललंच जात नसे. म्हणून मी शिवनेरीकडे वळले, कारण तो विषय आम्हा दोघांचाही आहे.

जुन्नर म्हटलं की शिवनेरी, आणि शिवनेरी म्हटलं की शिवजन्म. पण त्याच गडावर १७९४ पासून दोन वर्षं एक पोरगा कैदेत होता, हे आमच्याकडे फार कुणी सांगत नाही. राघोबादादाचा मुलगा बाजीराव. त्याचा धाकटा भाऊ चिमाजी आणि दत्तक भाऊ अमृतरावही सोबत. बाजीराव जन्मला १७७५ मध्ये धारला. बाप पेशवाईसाठी भांडला आणि त्या भांडणात त्याने मुंबईकर इंग्रजांना घरात घेतलं. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई द्यायचं कबूल करून त्याने त्यांची फौज मागितली होती. वडगाव, सालबाई असं करत ते प्रकरण १७८२ मध्ये मिटलं, राघोबा पुढच्या वर्षी वारले, आणि पोरं नजरकैदेत वाढली. आधी कोपरगाव, मग आनंदवल्ली, मग शिवनेरी.

"म्हणजे बापाचं केलेलं पोरानं भोगलं," अण्णा म्हणाले.

"हो. आणि २७ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव गेले, वीस-एकवीस वर्षांचे. मूल नाही. आता गादीवर कोण? नाना फडणवीसांना बाजीराव नको होता. म्हणून सगळ्यांनी आपापली माणसं शोधायला सुरुवात केली."

मग मी अण्णांना तो प्रसंग सांगितला जो मी वर्गात दरवर्षी सांगते. परशुरामभाऊ पटवर्धन बाजीरावाला आणायला जुन्नरला आले. पोराचा विश्वास बसेना. इतकी वर्षं कोंडून ठेवणारे आज राज्य द्यायला आले म्हणतात, हे कसं मानायचं? परशुरामभाऊंनी गाईचं शेपूट हातात धरून गोदावरीची शपथ घेतली की दगा होणार नाही. तेव्हा तो गडाखाली उतरला. पुढच्या काही महिन्यांत काय काय झालं ते सांगायला गेलं तर रात्र पुरणार नाही. चिमाजीला गादीवर बसवलं, उतरवलं. नाना स्वतः महाडला पळाले आणि तिथून त्यांनी निजामाशी करार केला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाकडून जे मिळवलं ते त्याला परत द्यायचं, बदल्यात त्याने आपल्याला पाठिंबा द्यायचा.

इथे अण्णांचा हात थांबला. "नानांनी? शहाणे म्हणतात ते नाना?"

"तेच."

"मग बाजीरावालाच एकट्याला पळपुटा कशाला म्हणतात?"

"थांबा, येते तिथे." पण मला तेव्हाच जाणवलं की माझ्या दरवर्षीच्या तासात मी महाडचा तह दोन वाक्यांत उरकते आणि वसईच्या तहावर अर्धा तास बोलते.

डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला. दौलतराव शिंद्यांना त्याने त्यासाठी मोठ्या रकमेचं वचन दिलं होतं. खजिना रिकामा. मग १७९८ मध्ये शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे पुण्यात वसुलीला बसले. सावकार, ब्राह्मण, व्यापारी, ज्याच्याकडे पैसा असेल असं वाटलं त्याला पकडून मारहाण केली, छळलं. गादीचा भाव पुण्याच्या पेठांनी फेडला. मार्च १८०० मध्ये नाना वारले. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने यशवंतराव होळकरांचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायाला बांधून मारलं. यशवंतराव ते विसरणार नव्हते. २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचे दिवस, हडपसरपाशी त्यांनी पेशवे आणि शिंदे या दोघांच्या फौजा मोडल्या. बाजीराव निघाला तो सिंहगड, महाड, कोकणकिनारा, आणि इंग्रजांच्या जहाजातून वसई. ३१ डिसेंबर १८०२ ला तिथे त्याने सही केली.

"काय लिहिलं होतं त्यात?" अण्णांनी विचारलं. कराराची कलमं त्यांना नेहमी ऐकायची असतात. सोसायटीत संचालक असताना कागद वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

मी बोटांवर मोजत सांगितली. कंपनीचं निदान सहा हजार पायदळ पेशव्याच्या मुलखात कायमचं राहील. त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेला युरोपियन चाकरीत ठेवायचा नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी काही देणंघेणं असेल तर निवाडा कंपनी करील. सुरतेवरचे हक्क सोडायचे. आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणं करायचं नाही.

"शेवटचं परत सांग."

मी परत सांगितलं.

"हे वाईट," अण्णा म्हणाले. "मुलूख गेला, पैसा गेला, तो परत मिळवता येतो. पण दुसऱ्याशी बोलायचंच नाय म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी तेवढ्यासाठीच थांबले होते. "नानांनीही इंग्रजांना पुण्यात येऊ दिलं होतं अण्णा. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट वकील म्हणून आला, मुळा-मुठेच्या संगमावर राहिला. पण नानांनी कंपनीची फौज पुण्यात घेतली नाही, शेवटपर्यंत. त्याआधी १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात ठेवून घेतला. फ्रेंचांशी खरंच तह करायचा होता की नुसतं इंग्रजांना दाखवायचं होतं, यावर वाद घालता येईल. पण दुसरं दार उघडं होतं. वसईच्या त्या कलमाने ते बंद झालं. माझं म्हणणं एवढंच आहे. पैसा घ्या, रस्ता घ्या, फौजेची मदतसुद्धा घ्या. दुसरं दार लावून घेऊ नका."

"आणि मी म्हणतो," अण्णा जरा आवाज चढवून म्हणाले, "त्या रात्री त्याला दुसरं दार होतं कुठं? तूच सांगितलंस. एकीकडं शिंदे, त्यानं पुणं लुटवलं. दुसरीकडं होळकर, त्याचा भाऊ ह्यानं मारलेला. नाना मेलेले. गेला असता कुठं? शिवनेरीवर परत? लहानपण ज्याचं कोठडीत गेलं त्याला परत कोंडून घ्यायचं भ्या असणारच की. घर जळत असताना बादली कुणाच्या हातात हाय हे कोण बघतं?"

माझ्याकडे यावर इतिहासातलंच उदाहरण होतं, आणि ते माझ्या विरुद्ध जाणारं होतं. तरी ते सांगितल्याशिवाय राहवेना. एकोणिसाव्या शतकात कंबोडियाची हालत बाजीरावासारखीच होती. पश्चिमेकडून सयाम म्हणजे आजचं थायलंड, पूर्वेकडून व्हिएतनाम, दोघंही मुलूख कुरतडत आलेले. राजा कुणी व्हायचं हेही ते दोघं ठरवायचे. १८६३ मध्ये राजा नोरोदोमने फ्रेंचांचं संरक्षण पत्करलं. त्याची किंमत त्याला पुढे कळली. १८८४ मध्ये फ्रेंचांनी बंदुकांच्या धाकाखाली त्याच्याकडून दुसऱ्या करारावर सही घेतली आणि कारभार जवळपास पूर्ण आपल्या हाती घेतला. पण १९०७ मध्ये सयामने बट्टम्बांग आणि सिएम रीप परत दिलं ते फ्रेंचांमुळे. अंकोरवाट तेव्हा परत आलं. १९५३ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा नकाशावर कंबोडिया होता.

"बघ," अण्णा म्हणाले. "वाचला ना?"

"वाचला. नव्वद वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राहून."

"पण वाचला. बाजीरावाचं राज्य किती टिकलं?"

"पंधरा वर्षं." १३ मे १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या बंदोबस्तात बाजीराव पुण्याच्या गादीवर परत बसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगर पडलं, सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव, आणि वर्ष संपायच्या आत भोसले आणि शिंदे दोघांनीही तह केले. एका माणसाने घरच्या भांडणात केलेल्या सहीचं हे फळ, आणि ते चाखलं दुसऱ्यांनी. फौजा मुलूख तुडवून गेल्या त्याच सुमारास १८०३-०४ चा दुष्काळ पडला. नगरच्या आसपास माणसं रस्त्यावर मेली. वसईच्या कागदावर त्यांच्यातल्या एकाचंही नाव नव्हतं.

पुढची पंधरा वर्षं पुण्याचा कारभार संगमावरच्या बंगल्यातून किती चालला हे सांगायला एक बाळाजीपंत नातू पुरेसे आहेत. पेशव्यांच्या शहरातला माणूस, इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या कामावर. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढवताना तेच पुढे होते. त्याआधी मे महिन्यात बाजीरावाने आपले कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना धरून देईपर्यंत सिंहगड, पुरंदर आणि रायगड ओलीस ठेवले, आणि जूनमध्ये पुण्याचा तह झाला त्यात मराठ्यांचं प्रमुखपणही सोडलं. त्रिंबकजी आपल्या बाजूचे, संगमनेरकडचे निमगाव जाळीचे. ठाण्याच्या तुरुंगातून पळून आले ते याच डोंगरांच्या आसऱ्याला. मे १८१८ मध्ये इंग्रजांची तुकडी जुन्नरला आली तेव्हा शिवनेरी रिकामा सापडला. मग चावंड, हडसर, जीवधन घेतले आणि चढायच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. आजही चावंडला गेलं की एका टप्प्यावर पायऱ्या एकदम संपतात आणि रेलिंग धरून कातळाला चिकटून जावं लागतं. शाळेच्या सहलीत मी तिथे रडले होते. कुणी आणि कशासाठी त्या फोडल्या, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. ३ जून १८१८ ला बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन आणि गंगेकाठचं बिठूर.

बराखीत ऊन आत आलं होतं. काकूंनी चहा पाठवला. चहा पिता पिता अण्णांनी विषय पाण्यावर नेला, कारण त्यांचा सगळा विचार शेवटी पाण्यापाशी येतो.

"तिकडं नदी हाय का मोठी?"

"मेकाँग. तिबेटात उगम, चीनमधून खाली उतरते. मग म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. वरच्या अंगाला चीनने एकापाठोपाठ एक धरणं बांधलीत. शियाओवान आणि नुओझाडू ही त्यांतली सगळ्यात मोठी. खाली कंबोडियात तोनले साप नावाचं सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग फुगली की पाणी उलटं त्या सरोवरात शिरतं, कोरड्यात परत नदीत येतं. देशाची मासळी त्याच्यावर. वरून पाण्याचा वेळ बदलला की सरोवराचा श्वास बदलतो. २०१९ मध्ये नदी फार आटली होती."

हे अण्णांना एका वाक्यात समजलं, मला जे समजायला महिने लागले ते. ते उठून उभे राहिले. "म्हणजे आवर्तन! आवर्तन त्यांच्या हातात."

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. येडगावचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातो. टेलच्या माणसाला पाणी पोचायला किती दिवस लागतात आणि मधे किती ठिकाणी फोडलं जातं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आपण वरच्या अंगाला आहोत, हेही ठाऊक असतं, आणि ते बोलून दाखवलं जात नाही.

"आपण वर आहोत अण्णा," मी म्हणाले.

"हाय ना. म्हणून तर कळतं. पाणी सोडायच्या वेळी आपल्याकडं बंधारे भरून घ्यायची घाई असती. खालचे म्हणतात, वरच्यांनी मारलं. आपण म्हणतो, धरणं आमच्या जमिनीवर, गावं आमची उठली. दोघांचंही खरं असतं." ते परत खाली बसले. "पण कालवा समितीची बैठक होती. करमाळ्याचा माणूस तिथं येतो. टेबलावर हात आपटतो. पेपरात येतं. मंत्र्यापुढं आपल्याला उत्तर द्यावं लागतं. त्यांच्यात अशी बैठक हाय का?"

"आहे. मेकाँग नदी आयोग, १९९५ पासून. लाओस, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. चीन सभासद नाही. बाहेरून बोलतो, २०२० पासून वर्षभराचे पाण्याचे आकडे द्यायला लागलाय. पण सभासद नाही."

अण्णांनी हातातला कांदा तसाच धरून ठेवला. "वरचाच नाय म्हणजे मग बैठक कशाची ती."

मला वाटलं आता आमचं एकमत होईल. पण अण्णा तसे सोपे नाहीत. म्हणाले, "पण मग खालच्यांनी आधीच एकी करायला पाहिजे होती. चौघांनी मिळून. पण एकाला वीज विकायचीय, एकाला रस्ता पाहिजे, एकाचं दुसऱ्याशी जुनं भांडण. लाओसनं स्वतःच धरणं बांधली का नाय त्या नदीवर?"

बांधली. शायाबुरीचं धरण २०१९ मध्ये सुरू झालं, वीज बहुतेक थायलंडला जाते. खालचा कंबोडिया आणि व्हिएतनाम नाराज होते. मी मान हलवली.

"मग चीनला एकट्याला काय बोलायचं?"

"बोलायचं अण्णा. सगळ्यांचं चुकलं म्हणून मोठ्याचं कमी चुकलं असं होत नाही. आणि नाही म्हणता येतं. म्यानमारमध्ये इरावतीच्या उगमापाशी, मित्सोनला चीन धरण बांधत होता. वीज मुख्यतः चीनला जाणार होती. लोक उठले, आणि सप्टेंबर २०११ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, थेन सेन यांनी, काम थांबवलं. त्या वेळी म्यानमारने दुसऱ्या देशांशीही बोलायला सुरुवात केली होती. नाही म्हणायला त्याचं बळ होतं. परत तेच, दुसरं दार."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. गोल्टीचं पोतं भरत आलं. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की मी आजवर वर्गात कुणाकडून ऐकला नव्हता.

"आणि आपण? आपण कुणाचे वरचे?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच कांदा वर धरला. "हा कुठं जातो? ढाक्याला जातो. कोलंबोला जातो. मलेशियाला जातो. दोन हजार एकोणीसला दिल्लीनं एका रात्रीत बंदी घातली. ट्रक सीमेवर उभे राह्यले. बांगलादेशच्या पंतप्रधान दिल्लीत येऊन बोलल्या होत्या, तुला आठवत असंल."

आठवत होतं. २९ सप्टेंबर २०१९ ची बंदी. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात शेख हसीना दिल्लीत होत्या. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, असं त्या जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या. सभेत हशा झाला. त्यांच्या देशात कांद्यावाचून कुणाला हसू येत नव्हतं. म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, मिळेल तिथून त्यांनी कांदा आणला, विमानानेसुद्धा. २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरपासून पुन्हा बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये, आणि शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

"त्या डिसेंबरात मी आळेफाट्याला माल घेऊन गेलो होतो," अण्णा म्हणाले. "आदल्या बाजाराचा आणि त्या दिवसाचा दहा किलोचा भाव... पट्टी बघून मी गाडीत बसून राह्यलो. तुझ्या काकूला फोन केला नाय. आडतदार म्हणाला, अण्णा, दिल्लीनं दार लावलं. आणि मला राग आला तो माझ्या पैशाचा. तिकडं ढाक्यातल्या बाईनं त्या दिवशी आमटीत काय टाकलं असंल, हे मला आत्ता, तुझ्याशी बोलताना सुचतंय."

हे सांगताना अण्णांचा आवाज खाली आला होता. मला त्यांच्याविषयी जे वाटलं ते लिहिता येत नाही.

"त्यांनी दुसरं दार शोधलं अण्णा," मी म्हणाले. "आता ते स्वतःही जास्त पिकवतात, आणि दुसरीकडून घेतात."

"शोधणारच. आणि गेलेलं गिऱ्हाईक माघारी येत नाय. म्हणजे मोठ्यानं दार लावलं तर नुकसान मोठ्याचंही होतं. फक्त ते दिल्लीत होत नाय, बोरीत होतं."

मी गप्प राहिले. सकाळपासून मी मोठा शेजारी म्हणून कंपनी आणि चीन यांच्याकडे बोट दाखवत होते. बाजीरावाच्या सहीवर बोलताना मला चीड येते, ती खरी आहे आणि ती मी सोडणार नाही. पण वर्गात मी ज्या पोरांना शिकवते, त्यांच्यातल्या कितीजणांच्या घरी कांदा पिकतो, आणि तो कांदा दुसऱ्या देशाच्या घरात कुणाच्या मर्जीवर पोचतो, हा प्रश्न मी कधी फळ्यावर लिहिला नव्हता. वसईच्या तहाच्या टिपणांखाली त्या रात्री मी लिहून ठेवलं: ढाका, २०१९.

जेवणं झाल्यावर अण्णा थ्री-फेजची वाट बघत ओट्यावर बसले. आमच्याकडे या आठवड्यात वीज रात्रीची होती. बिबट्याची भीती, म्हणून बॅटरी आणि काठी शेजारी. मी चादर घेऊन त्यांच्यापाशी बसले.

"शिवनेरीवर असताना त्या पोराशी कुणी बोलायचं का गं?" त्यांनी मधेच विचारलं. दिवसभर त्यांच्या मनात बाजीरावच होता.

"एक गोष्ट आहे. सवाई माधवराव म्हणजे त्याचा पुतण्याच, वयाने त्याच्याएवढा. तो पुण्यात नानांच्या देखरेखीखाली, हा इथे गडावर. पहाऱ्यावरच्या बळवंतराव नागनाथ नावाच्या माणसाला बाजीरावाने आपलंसं केलं आणि त्याच्या हाती माधवरावांना निरोप पाठवला. आपण दोघंही कैदीच, तुम्ही पुण्यात, मी जुन्नरला, अशा अर्थाचा. माधवरावांना तो आवडला. दोघांत चिठ्ठ्या सुरू झाल्या."

"मग?"

"नानांना कळलं. बळवंतरावाला कैदेत टाकलं. माधवरावांना नाना बोलले. इकडे बाजीरावावरचा पहारा वाढवला. त्याच वर्षी माधवराव गेले."

अण्णा अंधारात गडाच्या दिशेला बघत राहिले, इथून तो दिसत नाही तरी.

"दोघं भेटले असते तर," ते म्हणाले आणि पुढे बोलले नाहीत.

दहा वाजून गेल्यावर खांबावरचा दिवा लागला. अण्णा काठी घेऊन उठले, मी बॅटरी घेतली. नदीकाठी स्टार्टरचा आवाज झाला, पाइप दोनदा थरथरला, आणि पलीकडच्या वाफ्यात पाणी पडायला लागलं. अण्णांनी दारं धरलं. मी बॅटरीचा झोत दरडीवर फिरवला. पांढरा पट्टा ओला होऊन काळसर दिसत होता.

"खाली धर बॅटरी," अण्णा म्हणाले. "इकडं दिसत नाय."